पायाळू जाऊ

मी जळकी बाई आहे, हे मला आजारी पडेपर्यंत माहीत नव्हतं. उलट गावात माझी ओळख हसरी म्हणून. मी अंगणवाडी सेविका. दिवसभर पोरांच्या घोळक्यात. गाणी म्हणायची, माकडासारखी तोंडं करायची, पदर खोचून बेडूक उड्या मारायच्या. पस्तिशीला आलेली बाई ड्राँव ड्राँव करत अंगणात उड्या मारते म्हणून बायका हसायच्या. मी म्हणायची, हसा की, फुकट आहे.

घरी आले की पुन्हा तोच खेळ माझ्या आरोहीबरोबर. तेव्हा ती पाच वर्षांची होती. ओट्यापासून नळापर्यंत दोघींनी उड्या मारत जायचं, जी आधी पोचेल तिनं दुसरीच्या तोंडावर पाणी उडवायचं. लेक माझ्यावाचून राहत नाही याचा मला फार गर्व होता. तो चारचौघांत मिरवायची सुद्धा मी.

माझ्यासारखा आजार ज्यांच्या वाट्याला आलाय त्यांना सगळे सांगतात, धीर धरा, व्यायाम करा, देवाचं नाव घ्या. बरोबरच आहे ते. पण पडून राहिलेल्या माणसाच्या मनात जो हेवा उठतो, त्याचं काय करायचं ते मला कुणी सांगितलं नाही. म्हणून हे लिहायला बसले. बोटं अजून दमतात, तेव्हा तुकड्यातुकड्यानं लिहिते.

*

आमचं गाव नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात. घरात सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो. आमचे हे साखर कारखान्यावर कामाला. धाकटा दीर शेती बघतो आणि त्याची बायको कोमल. लग्नाला सहा वर्षं झाली तरी कोमलला मूलबाळ नाही. बोलायला शांत, कामाला वाघ.

आणि कोमल पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायानं बाहेर आलेली. आमच्याकडं समज आहे की पाठीत उसण भरली आणि पायाळू माणसानं पाठीला पाय लावला, की उसण निघून जाते. त्यामुळं कुणी ना कुणी दारात उभं असायचंच. "कोमल हाय का? पाठ धरलीय गं माझी." कोमल हातातलं पीठ झटकून यायची, तीनदा पाय लावायची आणि पुन्हा भाकरीला बसायची. आभाळ गडगडायला लागलं की आत्या तिला अंगणात पाऊल टाकू देत नसत, कारण पायाळूवर वीज पडते म्हणे. मग बाहेरचे कपडे मला भिजत आणावे लागायचे. तेव्हाही थोडं जळलेच असेन मी.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. अंगणवाडीत पोरांची वजनं घेतली, एकेकाला उचलून काट्याच्या झोळीत बसवलं. दुसऱ्या दिवशी उठले तर पाठीत जबर दुखत होतं आणि दोन्ही तळव्यांना मुंग्या. त्याआधी दोन आठवडे माझं पोट बिघडलं होतं, ते मी विसरूनही गेले होते. आत्या म्हणाल्या, "उसण हाय. पोरं उचलून भरली. कोमल, लाव पाय."

मी सतरंजीवर पालथी पडले. कोमलनं तीनदा पाय लावला. संध्याकाळी चहाचा कप हातातून निसटला. रात्रीपर्यंत गुडघे वाकायला लागले. सकाळी मी खाटेवरून पाय खाली टाकले आणि तशीच जमिनीवर बसले. उठताच येईना. ह्यांनी मला पाठुंगळी घेतलं आणि गाडी करून नगरला नेलं.

*

नगरच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरांनी रबरी हातोडीनं माझ्या गुडघ्यावर टकटक केलं. पाय उडाला नाही. दुसऱ्यावर केलं. तोही नाही. डॉक्टरांनी हातोडी घाईनं खिशात ठेवली आणि मला दाखल करून घेतलं.

पाठीतलं पाणी काढून तपासलं. मग त्यांनी सांगितलं की माझ्या शरीराची पहारेकरी फौज चुकून माझ्याच नसांवर धावून गेली आहे. आजाराचं नाव लांबलचक आणि परदेशी, थोडक्यात जीबीएस. आत्यांनी फोनवर विचारलं, "जीबी? ते तर मोबाईलात असतं ना?" हे हसले आणि हसता हसता भिंतीकडं तोंड करून रडले. मी बघितलं ते.

डॉक्टर म्हणाले, "बहुतेक माणसं यातून उठतात. पण वेळ लागतो. काही महिने धरून चाला."

मग सुरू झालं मोजणं. आजार छातीकडं सरकतोय का ते बघायला रोज दोन-तीनदा एका श्वासात आकडे म्हणायला लावायचे. पहिल्या दिवशी मी अंगणवाडीच्या चालीवर तीसपर्यंत गेले, शेजारच्या खाटेवरच्या आजी टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या. दुसऱ्या दिवशी अठरा. तिसऱ्या दिवशी अकराला दम संपला. जी बाई गावच्या पोरांना शंभरपर्यंत मोजायला शिकवते, ती अकराला अडली. बारा म्हणायचं होतं आणि तोंडातून नुसती हवा आली. त्या वेळी मी मनात म्हटलं, आरोहीला पहिलीत जाताना तरी बघू दे.

सलाईनमधून औषध चालू झालं. आकडा अकरावर थांबला, खाली गेला नाही. मग तेरा झाला. सगळ्यांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले. पण तोवर माझा चेहरा गेला होता.

म्हणजे चेहरा जागेवरच होता, पण हलत नव्हता. हसू येईना, ओठ मिटेनात, पापण्या लागेनात. नेवाशाकडच्या एक सिस्टर होत्या, त्या डोळ्यांत मलम घालून पापण्यांवर चिकटपट्टी लावायच्या. केसांना तेल लावून दोन वेण्या घालायच्या आणि म्हणायच्या, "बघा, शाळेत निघालात." त्यांनी मला एकदाही बिचारी म्हटलं नाही. त्या वेण्या मी जन्मात विसरणार नाही.

एक दिवस ह्यांनी घरी व्हिडिओ कॉल लावला. आरोहीनं माझं तोंड बघितलं. मी तिच्यासाठी हसत होते, म्हणजे आतून हसत होते. तिला दिसलं ते लाकडी तोंड आणि पट्ट्या लावलेले डोळे. ती किंचाळली. फोन कलंडला आणि मला कोमलचा आवाज आला, "घाबरू नको गं, ये माझ्याकडं." थोड्या वेळानं मागून आणखी एक आवाज आला. ड्राँव. आणि माझी लेक खिदळली.

माझा खेळ होता तो. मी शोधलेला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पट्ट्या सुटल्या. सिस्टरांना वाटलं, लेकीच्या आठवणीनं रडते. मी जळत होते.

*

दीड महिन्यानं घरी आले, खुर्चीत बसवून चौघांनी आत आणलं. आरोही कोमलच्या मागं, तिच्या साडीचा काठ मुठीत धरून उभी. मी हाक मारली. ती आली नाही. आत्या म्हणाल्या, "सवय हुईल तिला." सवय व्हायला मी काय नवी नवरी होते?

आता जे सांगते ते सांगायला लाज वाटते. कोमल माझं सगळं करत होती. सगळं म्हणजे सगळं. घास भरवणं, अंग पुसणं, भांडं देणं. सख्खी बहीण करणार नाही इतकं. आणि मी तिचा रागराग करत होते. ती भाकरी कुस्करून दुधात कालवायची, मी म्हणायची, गार आहे. वरण दिलं की खारट आहे. आरोहीचा भांग पाडला की वाकडा आहे. एक दिवस मी मोजलं, दिवसभरात लेकीनं "काकी" किती वेळा म्हटलं आणि "मम्मी" किती वेळा. काकी एकेचाळीस, मम्मी चार. त्या चारातलं एक, "मम्मी झोपलीय का?" असं होतं.

संध्याकाळी खाट अंगणात टाकायचे. समोर त्या दोघी ओट्यापासून नळापर्यंत उड्या मारायच्या. कोमलला नीट येत नसे. ती गुडघे बाहेर काढायची, मध्येच पडायची, आणि आरोही पोट धरून हसायची. माझ्याबरोबर ती इतकी कधी हसली होती का, हे मी आठवत बसायची. सापडलेली सगळी उत्तरं मला खोटी वाटायची. कोमल ओल्या तोंडानं माझ्याकडं बघून हसायची, मी मान फिरवायची. मान तेवढी फिरत होती.

तालुक्याच्या गावाहून आठवड्यातून दोनदा व्यायाम घ्यायला एक मॅडम यायच्या. कणकेचा गोळा मुठीत दाबायचा, भिंतीला धरून उठायचं, आरशात बघून ऊ ई करायचं, फुंकर घालायची. म्हणाल्या, "तुम्ही पोरांना अ आ इ ई शिकवता ना? मग तेच करा, तोंड वेडंवाकडं करून." कणकेचा गोळा मी दिवसभर दाबायची. जोंधळ्याच्या पिठाचा, मग गव्हाच्या घट्ट कणकेचा. जेठ महिना संपता संपता वॉकर धरून दारापर्यंत जायला लागले. तोंडाची डावी बाजू हलायला लागली होती, उजवी तशीच मख्ख. त्यामुळं हसले की तोंड एकीकडं ओढलं जायचं. आरोहीनं एकदा ते बघितलं आणि मागं सरकली. त्या दिवसापासून मी तिच्यासमोर हसणंच बंद केलं. आरशाचा व्यायाम दार लावून करायची.

जी गोष्ट मला बिनपैशाची यायची तीच मी बंद केली होती, आणि लेक लांब का जाते म्हणून दुसरीच्या नावानं बोटं मोडत होते.

*

पंचमीच्या आदल्या दिवशी कोमलनं आरोहीच्या हातावर मेंदी काढली. एका हातावर बेडूक काढला होता. कोमलचं माहेर जामखेडकडं, खर्ड्याजवळ. पंचमीला तिचा भाऊ दरवर्षी न्यायला येतो. आरोही हात वर धरून माझ्यापुढं उभी राहिली.

"मम्मी, मी काकीसंग पंचमीला जाणार. तिच्या आईकडं लई मोठा झोका हाय."

मी म्हटलं, "पंचमीला लेकीनं आपल्या आईपाशी राहायचं."

"पण तू खेळत न्हाईस. तू हसत बी न्हाईस."

तळव्यांना, पाठीला धड संवेदना नव्हत्या, तरी तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ती गेली. लेकीला काय बोलणार? कोमल चुलीपाशी होती. मी तिच्याकडं वळले.

"तुझ्याच पायानं माझे पाय नेले. चांगली हिंडतीफिरती होते मी, तू पाय लावलास आणि दुसऱ्या दिवशी जमिनीवर आले. आता लेकबी ने. स्वतःला न्हाई झालं तर माझं घे."

तव्यावरची भाकरी करपली. कोमलनं ती उलटली, टोपल्यात टाकली, हात धुतले. सकाळी भाऊ आला. तिनं माझं पाणी, औषध, भांडं सगळं जागच्या जागी ठेवलं, आत्यांच्या पाया पडली आणि गेली. आरोहीला नेलं नाही. माझ्याकडं बघितलंही नाही.

हे कपडे करता करता म्हणाले, "सगळ्यात आधी तुझी जीभ बरी झाली."

आत्या दारात बसल्या होत्या. त्यांनी मागं न बघता सांगितलं, "उचलली जीभ लावली टाळ्याला. पाय लाव म्हनून मी सांगितलं व्हतं. तिला कशापायी बोलतीस? आन तू काय म्हनली व्हतीस ते आठीव जरा."

आठवायची गरज नव्हती. विसरलेच नव्हते मी, नुसतं खाली दाबून ठेवलं होतं. त्या दिवशी कोमल पाय लावायला तयार नव्हती. ती म्हणाली होती, "ताई, उसणीत तळव्याला मुंग्या कशाला येतील? आपण डॉक्टरला दाखवू." आणि सतरंजीवर पालथं पडून मीच म्हटलं होतं, "लाव गं पाय, नखरे नको करू. लई शानी झालीस."

त्या घरात तिला एकटीला माझा आजार कळला होता, आणि तिलाच मी दोष दिला होता.

*

पंचमी गेली. गल्लीतल्या लिंबाला झोका बांधला होता, आरोही गेली नाही. तिच्या हातावरचा बेडूक फिका होत चालला, ती हात धुवायला नाही म्हणायची. दरवर्षी कोमल चार दिवसांत परत यायची. आठ झाले. दीर फोन करायचा, ती म्हणायची, येईन. एका संध्याकाळी आरोही एकटीच ओट्यापासून नळापर्यंत गेली. चालत. पाणी प्यायली आणि चालत परत आली.

मला वाटलं होतं, कोमल गेली की लेक माझी होईल. ती कुणाचीच राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, "गाडी करा. खर्ड्याला जायचंय." त्यांना वाटलं थट्टा करते. थोरल्या जावेनं धाकटीला आणायला तिच्या माहेरी जायचं, हे आमच्यात कुणी ऐकलेलं नाही. आत्या मात्र उठल्या आणि पिशवीत माझं औषध भरायला लागल्या.

खड्ड्यांनी हाडं खिळखिळी झाली. खर्ड्याचा किल्ला दिसला तेव्हा आरोही म्हणाली, "काकी तिथं राहती?" मी म्हटलं, हो, राणीच आहे ती. गाडी रस्त्यावरच थांबली, पुढं घरापर्यंत चिखलाची पायवाट. हे म्हणाले, उचलून नेतो. मी म्हटलं, नाही. वॉकर टेकत, थांबत, पुन्हा टेकत गेले. घरात चालताना कधी न सुटलेला घाम त्या पन्नास पावलांत सुटला. कोमल दारात तांदूळ निवडत होती. तिनं ताट खाली ठेवलं, पण उठली नाही.

"ताई, तुमी कशाला आला?"

रस्त्यानं मी बोलायचं सगळं जुळवलं होतं. माफी, चूक, पदर पसरून वगैरे. एक शब्द आठवेना. मी ह्यांना म्हटलं, मला खाली निजवा. ओसरीवर सतरंजी होती. ह्यांनी आणि कोमलच्या भावानं धरून मला बसवलं, मग पालथं केलं.

मी म्हटलं, "पाठीत उसण भरलीय. पाय लाव."

मग कोमल म्हणाली, "डॉक्टरला दाखवा."

कुठून तरी तिची आई फिसकन हसली. मी सतरंजीत तोंड खुपसून म्हटलं, "दाखवलं. नगरपर्यंत दाखवलं. त्यांना ही उसण सापडत न्हाई. कोमल, तू खरं बोलली व्हतीस, मी खोटी. मी जळत होते तुझ्यावर. पोरगी तुझ्याजवळ हसायची, ते मला बघवत नव्हतं."

ती आली आणि माझ्या डोक्यापाशी बसली. आवाज खाली करून बोलली, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असा.

"तुमी पाच म्हैने जळला, ताई. मी सहा वरसं जळतीय. तुमी दोघी अंगणात उड्या मारायच्या, मी आतनं बघायची. तुमी आजारी पडला तवा पयल्या दिवशी माझ्या मनात काय आलं म्हाइताय? आता ती माझ्याकडं येईल. असं आलं. तुमचं भांडं धुताना रोज त्याची माफी मागायची मी."

मी हात पुढं नेला, तिला सापडला तो. माझी पकड अजून अर्धीच होती, पण कणकेचे गोळे वाया गेले नव्हते.

"आता लाव," मी म्हटलं. "दोघींची एकदम निघू दे."

ती उठली. माझ्या पाठीवर तिचा पाय आला, गार, तांदळाचा कोंडा लागलेला. एकदा. मला गुदगुल्या झाल्या. माझ्या पाठीला परत जाणवायला लागलंय हे मला त्या वेळी कळलं. दुसऱ्यांदा तिनं मुद्दाम बोटं फिरवली, सटवीनं. मी हसायला लागले. सतरंजीत तोंड होतं म्हणून लपवायचं भानच राहिलं नाही.

आरोही जमिनीवर आडवी झाली आणि खालून माझं तोंड बघायला लागली. मी तोंड फिरवणार होते. तिनं गालावर हात ठेवला, फिका बेडूक असलेला. तिनं आपलंही तोंड एकीकडं ओढून बघितलं, हुबेहूब माझ्यासारखं, आणि तिला ते फार आवडलं.

"काकी, अजून लाव ना," ती ओरडली. "मम्मी वाकडी हसती!"